चित्रात अडकलेली अक्षरं

गेल्या वर्षी मी बीडच्या खजाना बावडीवर एक लेख लिहिला होता. शीर्षक उर्दू नस्तालीकमध्ये, खाली मराठी मजकूर, मागे बावडीचा फोटो. हे सगळं मोबाईलवर नीट बसवून त्याचं एक चित्र तयार केलं आणि तेच इथे टाकलं. दिसायला देखणं होतं. व्हॉट्सॲपवर बरंच फिरलं, लोकांनी कौतुक केलं, मीही खूश होतो.

दोन दिवसांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. दहावीनंतर त्याची नजर गेली. आता तो मोबाईलकडून ऐकून वाचतो. पडद्यावर बोट फिरवलं की फोन मजकूर बोलून दाखवतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही त्याने असाच चालवला आहे.

"सलाम सर. आपका मजमून आया, मगर फोन पढताच नै. बस 'इमेज' बोलता और चुप हो जाता."

मी म्हणालो, "बेटा, गुगलवर शोध. तिथे सापडेल." तो म्हणाला, "ढूंढा सर. वहाँ भी नै मिला."

फोन ठेवल्यावर मी स्वतः शोधून पाहिलं. आधी लेखाचं शीर्षक टाकलं. मग त्यातलं एक अख्खं वाक्य टाकलं. गुगलला माझ्या लेखाचा पत्ताच नव्हता. माझ्या आंधळ्या विद्यार्थ्याला जे दिसत नव्हतं, ते गुगललाही दिसत नव्हतं. कारण एकच होतं. मी मजकूर दिलाच नव्हता, मजकुराचा फोटो दिला होता.

त्यानंतर मी हा विषय जरा खोदून पाहिला. गावोगावच्या शाळा, मदरसे, पतसंस्था, दर्गा कमिट्या, छोटी साप्ताहिकं यांच्या वेबसाइट चालवणारे लोक मला दोन प्रश्न नेहमी विचारतात. "आमची साइट गुगलवर वर का येत नाही?" हा पहिला. "अपंगांसाठी साइट करायची म्हणजे वेगळा खर्च करायचा का?" हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची मुळं आपल्या दोन लिप्यांच्या इतिहासात आहेत, असं माझं मत झालं आहे. तो इतिहास आज सांगतो.

बगदादचे दोन ग्रंथप्रेमी

शोधणं आणि वाचणं हे दोन्ही प्रश्न संगणकापेक्षा हजार वर्षांनी जुने आहेत.

दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अन-नदीम नावाचा एक वर्राक होता. वर्राक म्हणजे पुस्तकांच्या नकला करणारा आणि विकणारा. त्या काळी बगदादेत इतकी पुस्तकं झाली होती की कोणतं पुस्तक कोणी लिहिलं आणि ते कशावर आहे, हे कळणं अवघड झालं. इब्न अन-नदीमने हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ.स. ९८७-८८ च्या सुमारास, 'अल-फिहरिस्त' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याला माहीत असलेल्या अरबी पुस्तकांची ती विषयवार मांडलेली यादी होती. दहा प्रकरणं होती आणि प्रत्येक लेखकाची थोडी माहितीही होती. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे आला. जुन्या मराठी दफ्तरांत यादीला 'फेरिस्त' म्हणत. सर्च इंजिन आज जे करतं त्याचा गाभा हाच आहे. आधी यादी बनवायची, मग यादीत शोधायचं. ज्याची नोंद यादीत नाही, ते असूनही नसल्यासारखं.

दुसरा माणूस त्यानंतर तीनेकशे वर्षांनी बगदादमध्येच होऊन गेला. जैनुद्दीन अल-आमिदी हे हंबली पंथाचे विद्वान. लहानपणीच दृष्टी गेलेली, पण पुस्तकांचा संग्रह आणि व्यवहार मोठा. चौदाव्या शतकातले चरित्रकार सफदी यांनी नामवंत अंध व्यक्तींवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात आमिदींची हकीकत दिली आहे. आमिदी पुस्तक विकत घेतलं की कागदाची बारीक वळी करत, तिला अक्षराचा आकार देत आणि ती पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवत. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते. त्यामुळे बोटाने चाचपलं की पुस्तकाची किंमत कळायची. लुई ब्रेलने १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली, त्याच्या पाचशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

मला आमिदींची युक्ती फार महत्त्वाची वाटते. त्यांनी पुस्तक बदललं नाही, पुस्तकाला एक खूण जोडली. आज वेबसाइटवर फोटोमागे जे वर्णन लिहितात, ज्याला 'ऑल्ट टेक्स्ट' म्हणतात, ती हीच कागदाची वळी आहे.

शिसं आणि दगड

आता आपल्या लिप्यांकडे येऊ.

देवनागरी मराठी छपाईत लवकर शिशाच्या खिळ्यांवर गेली. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर, पण पुढे त्यांनीही खिळे पाडले. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. नंतर जावजी दादाजींच्या निर्णयसागरने तर नागरी अक्षरांना असं वळण दिलं की ते प्रमाण मानलं गेलं. खिळा म्हणजे एकेक सुटं अक्षर. जुळवा, छापा, मोडा, पुन्हा जुळवा.

उर्दूचं तसं झालं नाही. नस्तालीक लिपी तिरकी उतरते. एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं आणि शब्दाच्या सुरुवातीला वर असलेलं अक्षर शेवटी खाली येतं. अशी लिपी शिशात ओतणं फार कठीण. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टाइपमध्ये उर्दू पुस्तकं छापली गेली. सर सय्यद अहमद खान यांनीही 'तहजीब-उल-अखलाक' टाइपमध्ये काढलं. वाचकांना मात्र ते रुचलं नाही. दगडावर छापायचं लिथोचं तंत्र आलं आणि उर्दूने ते मनापासून स्वीकारलं. कातिबाने सुंदर अक्षरात पान लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि प्रती काढायच्या. लखनौच्या मुन्शी नवल किशोर प्रेसने १८५८ पासून याच तंत्राने हजारो पुस्तकं घरोघर पोहोचवली. हिंदू मालकाच्या या छापखान्याने उर्दू, फारसी आणि अरबी ग्रंथांची केलेली सेवा कोणीही विसरू नये.

इथे एक फरक लक्षात घ्या. खिळ्यांच्या छपाईत पान अक्षरांचं बनतं. लिथोमध्ये पान हे एक अखंड चित्र असतं. डोळस वाचकाला याने काही फरक पडत नव्हता. पण जिथे अक्षर मोजायचं, निवडायचं, शोधायचं असतं, तिथे चित्र मुकं राहतं. दीडशे वर्षांनी संगणक आला तेव्हा हा फरक आपल्यासमोर उभा राहिला.

'डी के ई' म्हणजे काम

१९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालीक' तयार झाला. हजारो जोडाकृती एकेक करून त्यांनी लिहिल्या होत्या. लाहोरच्या 'जंग' दैनिकाने त्याच वर्षी तो वापरायला सुरुवात केली. नंतर १९९४ मध्ये 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आलं आणि भारतातल्या उर्दू वृत्तपत्रांत कातिबांच्या जागी ऑपरेटर बसले. इनपेजमधलं पान छापायला उत्तम होतं, पण तो मजकूर बाहेर, वेबवर, मजकूर म्हणून नेता येत नव्हता. म्हणून उर्दू साइटवाल्यांनी सोपा मार्ग काढला. पानाचं चित्र करायचं आणि ते चढवायचं. लिथोचा दगड जाऊन पडदा आला, पण पान चित्रच राहिलं.

मराठीचा मार्ग सुटसुटीत असायला हवा होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅककडे आलं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक बनली. म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा हे सरकारने ठरवून दिलं होतं. बाजाराने मात्र वेगळी वाट धरली. छपाईची घाई होती. मग फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. कृतिदेव वापरलेला प्रत्येक जण हे ओळखेल. पडद्यावर 'काम' दिसतं, पण आत संगणकाकडे जमा असतात 'डी', 'के' आणि 'ई' ही तीन इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या कंपनीचा फाँट असेल तर अक्षरंही दुसरीच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रं वेबवर आली ती अशाच फाँटवर. फाँट उतरवून घेतला नाही तर पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. त्या काळात कोणी 'काम' शोधलं असतं तर सापडलं नसतं, कारण तिथे 'काम' नव्हतंच. आणि बोलणारा संगणक ते पान वाचायला गेला असता, तर 'डी के ई' असंच काहीतरी म्हणाला असता.

यातून सोडवलं ते युनिकोडने. १९९१ मधल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीही होती आणि अरबी लिपीही. देवनागरीची मांडणी तर इस्कीवरूनच घेतलेली. विंडोज २००० पासून साध्या संगणकांत त्याची सोय येऊ लागली. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, मराठी संकेतस्थळांवर लोक युनिकोडमध्ये लिहू लागले. उर्दूला आणखी काही वर्षं थांबावं लागलं, कारण युनिकोडमध्ये चालेल असा देखणा नस्तालीक फाँट हवा होता. २००८ च्या सुमारास 'जमील नूरी नस्तालीक' आला आणि ती अडचणही दूर झाली.

म्हणजे आज मराठी किंवा उर्दू मजकूर चित्र करून टाकायला तांत्रिक कारण उरलेलं नाही. सवय तेवढी उरली आहे. मी खजाना बावडीचा लेख चित्र करून टाकला तो याच सवयीने.

सारखं दिसणारं, सारखं नसलेलं

युनिकोडने सगळं मिटलं असंही नाही. उर्दूच्या मास्तराला हे रोज भेटतं. उर्दूची 'ये' आणि अरबीची 'ये' शब्दाच्या मध्ये अगदी सारख्या दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. 'काफ' आणि 'हे' यांचंही तेच. अरबी कीबोर्डवर टाइप केलेला उर्दू शब्द उर्दू कीबोर्डने शोधला तर साध्या शोधयंत्राला सापडत नाही. मराठीत 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. तोवर लोक 'ऍ' वापरत होते, आजही काही जण वापरतात. शिवाय 'मुस्लीम' की 'मुस्लिम', 'दर्गा' की 'दरगाह', असे भेद आहेतच. मोठी सर्च इंजिनं यातला बराच फरक समजून घेतात. तुमच्या साइटवरची शोधपेटी किंवा पीडीएफमधला शोध इतका हुशार असेलच असं नाही.

नावांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. इंग्रजांच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये बीड 'भीर' या नावाने आहे. अंबाजोगाई निजामकाळात मोमिनाबाद होती. आज कोणी विद्यार्थी 'अंबाजोगाईचा इतिहास' शोधेल आणि जुना कागद 'मोमिनाबाद' म्हणत असेल, तर दोघांची गाठ पडणार कशी? वर्षांचंही तसंच. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली आणि महसुली कागदांवर फसली सन असे. १३४४ फसली म्हणजे १९३४-३५. ढोबळ हिशोब म्हणजे ५९० मिळवायचे. हे माहीत नसलेला माणूस समोर आलेला कागदही ओलांडून पुढे जातो.

२०२३ मध्ये हे सगळ्या मराठवाड्याने अनुभवलं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दफ्तरं उघडली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. नोंदी स्कॅन झाल्या, लोकांसाठी वेबवर आल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याचं त्याचं मत असेल, तो या लेखाचा विषय नाही. त्या दिवसांत माझ्याकडेही काही जण मोबाईल घेऊन आले. एका शेतकऱ्याने शेकडो पानांची पीडीएफ उघडून पुढे धरली. "सर, ह्यात आमचं गाव कुठंय तेवढं बघा की." पान उर्दूत, वळण शिकस्ता, पुसट शाई. मी एकेक पान सरकवत बसलो. तासाभराने त्याचं गाव मिळालं, आजोबांचं नाव मिळालं नाही.

त्या माणसाचे डोळे धडधाकट होते. तरी त्या पीडीएफपुढे तो माझ्या आंधळ्या विद्यार्थ्याइतकाच अडला. स्कॅन केल्याने कागद जपला जातो, पण तो बोलका होत नाही. बोलका व्हायला कोणीतरी शेजारी मराठीत दोन ओळी लिहाव्या लागतात. गावाचं जुनं नाव, आजचं नाव, फसली सन, इसवी सन, कागदाचा विषय. पेशवे दफ्तराचे रुमाल पुण्यात पडून होतेच. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद वाचून, सारांश देऊन ४५ खंडांत छापले, तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती आले. कागद तेच होते, त्यांना फेरिस्त मिळाली.

चांगलं कसं करता येतं याचीही उदाहरणं आहेत. मोल्सवर्थचा मराठी कोश आणि प्लॅट्सचा उर्दू कोश शिकागो विद्यापीठाने शब्दशः टंकित करून वेबवर ठेवले आहेत. शब्द टाका, अर्थ हजर. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'रेख्ता'ने एकच गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत दिली. त्यामुळे उर्दू न येणारा मराठी मुलगाही आपल्या सिराज औरंगाबादींपर्यंत पोहोचतो. मराठी विश्वकोशही आज वेबवर मजकूर म्हणून वाचता येतो, नुसता पाहावा लागत नाही.

गुगल आणि रावींची साखळी

आता पहिल्या नेहमीच्या प्रश्नाकडे येऊ. साइट वर का येत नाही?

१९९० च्या दशकातली सर्च इंजिनं मुख्यतः शब्द मोजायची. म्हणून लोक पानाच्या पोटात, न दिसणाऱ्या जागी, शब्दांची रास घालून ठेवत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गुगलने वेगळा विचार केला. एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवतं आणि बोट दाखवणारा स्वतः किती भरवशाचा आहे, हे पाहायचं. आपल्या वाचकांना हे समजायला सोपं आहे. हदीसच्या शास्त्रात इस्नाद पाहतात. कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, त्यातला प्रत्येक रावी विश्वासू होता का. तुलना इथवरच. गुगल सत्य-असत्य ठरवत नाही, ते लोकांचा कल मोजतं. पण खोटे रावी उभे करून हदीस खरी ठरत नाही, तसंच पैसे देऊन मिळवलेल्या लिंकांनी साइट फार काळ टिकत नाही, एवढं नक्की.

त्या लपवलेल्या शब्दांच्या राशीचा, म्हणजे 'मेटा कीवर्ड'चा, क्रमवारीसाठी आपण उपयोग करत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तरीही "शंभर कीवर्ड टाकून देतो" म्हणून पैसे घेणारे आजही भेटतात. त्यांना नम्रपणे चहा पाजून परत पाठवावं.

सर्च इंजिनाचा रोबो आंधळा असतो, असं समजून चाला. आता फोटोतली अक्षरं ओळखणारी यंत्रं आली आहेत, छापील मराठी ती बऱ्यापैकी ओळखतात. पण नस्तालीक, मोडी आणि सजवलेल्या पोस्टरपुढे ती अडखळतात. आपण त्यांच्या भरवशावर कशाला राहायचं? जो मजकूर अंध माणसाचा फोन नीट वाचतो, तो रोबोलाही नीट समजतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दोन कामांना दोन खर्च नाहीत. बरंचसं काम एकच आहे.

मेहरबानी नाही, हक्क

तरीही कोणी विचारेल, आमच्या साइटवर आंधळे येतातच किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत सुमारे ५० लाख दृष्टिबाधित होते. त्यात साठीनंतर मोतीबिंदू झालेले आपले अब्बा आणि बारीक अक्षर न दिसणारी शेजारची आजी धरा.

वेब सर्वांसाठी असावं याचे नियम १९९९ पासून आहेत. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्या वर्षी पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका आली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माहितीच्या साधनांबद्दलही बोलतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल दिला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना बँकेची डिजिटल ओळखपडताळणी करता येत नव्हती, हा त्यातला प्रश्न होता. डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र सांगत होतं. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

या लढ्यात अंध माणसं नुसती मागणारी नव्हती. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर २००६ मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केलं आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र लगेच सोबतीला आला. मराठीत स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक काढलं. वाचायची भूक होतीच. ताट वाढलं गेलं नव्हतं.

इस्लामी इतिहास वाचणाऱ्याला इथे इब्न उम्मे मक्तूम आठवतातच. मदिनेत अजान देण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांत हे अंध सहाबीही होते. ते प्रश्न विचारायला आले तेव्हा मोठ्या सरदारांशी बोलणं चालू होतं आणि त्यांच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही, त्यावर कुरआनच्या 'अबस' सुरेत कानउघाडणी आली. माझा विद्यार्थीही शिकायलाच आला होता. मी फोटोच्या देखणेपणात गुंतलो होतो.

वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी

शिक्षक आहे, तेव्हा गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. आपल्या साइटवरची किंवा पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. ओळ निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. भलतीच अक्षरं आली तर जुना फाँट आहे. नीट मराठी आली तर पास.

फोटो, पोस्टर, आमंत्रण टाकलं तर त्यामागे वर्णन लिहा. 'फोटो १' हे वर्णन नव्हे. 'खजाना बावडीच्या पायऱ्या, तळाशी पाणी' हे वर्णन झालं. पोस्टरवर जलशाची तारीख, वेळ, जागा असेल तर ती खाली मजकुरातही द्या.

मथळा फक्त ठळक करून भागत नाही, त्याला संपादकातला 'हेडिंग' हा प्रकार द्या. अंध वाचक मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारत वाचतो, रोबोही त्यावरूनच लेखाचा सांगाडा ओळखतो. लिंकवर 'इथे क्लिक करा' लिहू नका. फोन लिंकांची यादी वाचतो तेव्हा दहा वेळा 'इथे क्लिक करा' ऐकून कोणाला काय कळणार? 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असं लिहा.

पान कोणत्या भाषेत आहे याची खूण पानाच्या कोडमध्ये असते, ती मराठी किंवा उर्दू अशी बरोबर लावा. नाहीतर फोन मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला लागतो. रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा तोटाही हाच. उर्दूसाठी उजवीकडून डावीकडे ही दिशाही नमूद करा. रंगांबद्दल आपल्या लोकांना एक खास विनंती. फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरं डोळ्यांना दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान साडेचारास एक इतकं अंतर असावं, असा नियम आहे. ते मोजून देणारी मोफत साधनं वेबवर मिळतात.

आणि नावं द्या, सगळी. अंबाजोगाई लिहिताना एकदा तरी मोमिनाबाद लिहा. फसली सनाशेजारी इसवी सन द्या. शोधणाऱ्याला जो शब्द ठाऊक आहे तो तुमच्या पानावर असला पाहिजे.

खजाना बावडीचा तो लेख मी पुन्हा सगळा टाइप केला. एक रविवार गेला. फोटो ठेवला, त्यामागे वर्णन लिहिलं. विद्यार्थ्याला लिंक पाठवली. रात्री त्याचा फोन आला.

"सर, पूरा सुना. अच्छा है. मगर दूसरे पॅरे में 'विहीर' की जगह 'विहिर' लिखे आप. फोन के पढने में अटका तो मैं एकेक हर्फ सुना."

पंचवीसेक वर्षांपासून मी मुलांच्या वह्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो आहे. चूक दुरुस्त केली. आता जुने सगळे लेख एकेक करून टाइप करायला घेतले आहेत. अजून बरेच बाकी आहेत. तपासायला तो तयार आहे म्हणाला.